क्लाउडमधील हजारो फायली एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताना

दहा-वीस फायली एका फोल्डरमधून दुसरीकडे न्यायच्या असतील, तर त्या माऊसने ओढून टाकल्या की काम संपते. संख्या हजारांत किंवा लाखांत गेली की तीच कृती वेगळ्या स्वरूपाची होते. काम अर्ध्यावर थांबते, काही फायली जुन्या जागी आणि काही नव्या जागी राहतात, सहकाऱ्यांकडच्या लिंक उघडेनाशा होतात, आणि नेमके काय पोहोचले व काय राहिले हे सांगणारी कोणतीही नोंद हाताशी नसते. हे टाळण्यासाठी फार मोठे तांत्रिक ज्ञान लागत नाही. आपली सेवा ‘हलवणे’ या आज्ञेवर प्रत्यक्षात काय करते हे आधी समजून घ्यावे, आणि जिथे ती प्रत बनवून मूळ फाइल पुसत असेल तिथे प्रत बनवणे व पुसणे ही दोन कामे कधीही एकाच दमात करू नयेत. पुढचे बहुतेक तपशील या दोन गोष्टींतूनच निघतात.

हलवणे म्हणजे नेमके काय घडते

गूगल ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलला स्वतःची एक कायमची ओळख असते आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे ही त्या फाइलविषयीची केवळ एक नोंद असते. ग्रंथालयातले पुस्तक जागचे न हलवता नोंदवहीत त्याचा विभाग बदलावा, तसे इथे होते. म्हणूनच दोन केबीची फाइल आणि वीस जीबीची फाइल हलवायला सारखाच वेळ लागतो, आणि फाइलची ओळख बदलत नसल्यामुळे तिची जुनी लिंकही चालू राहते. एके काळी ड्राइव्हमधली एकच फाइल एकाच वेळी अनेक फोल्डरमध्ये ठेवता येत असे. 2020 पासून प्रत्येक फाइलला एकच जागा असते आणि इतर ठिकाणी तिचा शॉर्टकट ठेवावा लागतो. जुन्या खात्यातील फायली हलवताना यांतले शॉर्टकट कोणते आणि मूळ फायली कोणत्या, हे आधी पाहावे. शॉर्टकट हलवल्याने मूळ फाइल हलत नाही.

यातून एक साधा नियम मिळतो, आणि तो पाळला तर निम्मे कष्ट वाचतात. शक्य असेल तिथे फायली न हलवता त्यांचा फोल्डरच हलवावा. एका फोल्डरमध्ये लाखभर फायली असतील आणि त्या सर्वच्या सर्व नव्या जागी जायच्या असतील, तर फोल्डर हलवणे म्हणजे वरच्या पातळीवरची एकच नोंद बदलणे होय. त्याच फायली निवडून हलवल्या तर सेवेकडे लाखभर स्वतंत्र विनंत्या जातात. फोल्डर हलवल्यानंतर नव्या जागेच्या परवानग्या खालपर्यंत झिरपायला काही वेळ लागू शकतो, आणि तेवढा काळ वाट पाहिलेलीच बरी.

ॲमेझॉनची एस-थ्री ही सेवा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथे फायली ‘बकेट’ नावाच्या कप्प्यात ठेवल्या जातात आणि प्रत्येक फाइलला ‘वस्तू’ म्हणतात. सर्वसाधारण बकेटमध्ये फोल्डर असे काही नसतेच. प्रत्येक वस्तूला एक लांबलचक नाव असते, त्या नावात तिरप्या रेघा असतात, आणि त्या रेघांवरून पडद्यावर फोल्डरचा आभास निर्माण केला जातो. त्यामुळे तिथे फोल्डर हलवणे किंवा त्याचे नाव बदलणे म्हणजे त्या नावाने सुरू होणाऱ्या प्रत्येक वस्तूची नव्या नावाने प्रत बनवणे आणि मग जुनी पुसणे. यादी मागितली तर एका विनंतीत जास्तीत जास्त 1,000 नावे मिळतात, पुसण्याच्या एका विनंतीतही जास्तीत जास्त 1,000 वस्तू देता येतात, आणि 5 जीबीपेक्षा मोठ्या वस्तूची प्रत एका विनंतीत होत नसल्यामुळे ती तुकड्यांत करावी लागते. एकाच प्रदेशातल्या प्रतीसाठी डेटा वाहतुकीचे शुल्क नसले, तरी प्रत्येक प्रतीच्या विनंतीचे शुल्क पडते. दहा लाख लहान फायली हलवण्याचा खर्च त्यांच्या आकारावर नव्हे, तर संख्येवर ठरतो, हे कामाला हात घालण्याआधी हिशेबात घ्यावे.

या पद्धतीचे आणखी तीन परिणाम आहेत आणि ते अनेकांच्या लक्षात उशिरा येतात. पहिला म्हणजे प्रत ही नवी वस्तू असल्यामुळे तिच्यावर आजची तारीख पडते. ‘इतक्या दिवसांनी पुसा’ किंवा ‘इतक्या दिवसांनी स्वस्त वर्गात टाका’ असे नियम लावलेले असतील, तर त्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरा परिणाम साठवणीच्या वर्गांचा आहे. क्वचित वापराच्या वर्गात किमान 30 दिवस, ग्लेशियरच्या लवचीक वर्गात 90 दिवस आणि डीप अर्काइव्हमध्ये 180 दिवस साठवणीचे पैसे आकारले जातातच, म्हणून मुदतीआधी मूळ वस्तू पुसली तरी उरलेल्या दिवसांचे शुल्क द्यावे लागते. शिवाय या शेवटच्या दोन वर्गांतील वस्तू आधी पुनर्स्थापित केल्याशिवाय त्यांची प्रतच घेता येत नाही. तिसरा परिणाम आवृत्त्यांचा आहे. बकेटवर आवृत्त्या जपण्याची सोय चालू असेल तर पुसलेली वस्तू प्रत्यक्षात जात नाही. तिच्यावर फक्त पुसल्याची खूण पडते, जुनी आवृत्ती जागा व्यापून राहते आणि तिचे बिलही येत राहते.

गूगल क्लाउड स्टोरेजमधील साध्या बकेटचे वागणे बरेचसे असेच आहे. मात्र तिथे खऱ्या फोल्डरांची रचना असलेली बकेटही मिळते आणि तिच्यात फोल्डरचे नाव बदलणे ही एकच अखंड क्रिया असते. ही रचना बकेट तयार करतानाच निवडावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्येही श्रेणीबद्ध नावांची सोय चालू केलेल्या खात्यात हाच फायदा मिळतो. ज्यांना वारंवार मोठे फोल्डर इकडून तिकडे हलवावे लागतात, त्यांनी नवी साठवण उभारताना या रचनेचा विचार अवश्य करावा.

हात लावण्याआधीची यादी

कोणतीही फाइल हलवण्याआधी तीन आकडे लिहून ठेवावेत. मूळ फोल्डरमध्ये एकूण फायली किती, एकूण आकार किती आणि फोल्डरांची खोली किती पातळ्यांची. त्याबरोबर प्रत्येक फाइलचा पूर्ण मार्ग, आकार आणि शक्य असेल तिथे तिचा हॅश (फाइलच्या आशयावरून काढलेली, तिची ओळख पटवणारी खूण) असलेली यादी काढावी. आरक्लोन हे मोफत साधन बहुतेक सर्व सेवांसाठी अशी यादी एका कमांडमध्ये देते. एस-थ्रीमध्ये कोट्यवधी वस्तू असतील, तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे सेवेनेच तयार केलेल्या वस्तूंच्या यादीचा, अहवाल मागवावा, कारण हजार-हजारांनी यादी वाचत बसण्यापेक्षा तो सोयीचा पडतो.

ही यादी स्प्रेडशीटमध्ये घेऊन शेजारच्या स्तंभात प्रत्येक फाइलचा नवा मार्ग लिहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातूनच पुढचे अपघात आधी दिसतात. नव्या मार्गांचा स्तंभ क्रमाने लावला की दोन वेगळ्या फायली एकाच नावाने एकाच जागी जाणार आहेत का, हे लगेच कळते. गूगल ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदतात, पण वनड्राइव्हमध्ये तसे चालत नाही, आणि तिथे नेताना एक फाइल दुसरीवर लिहिली जाण्याचा किंवा वगळली जाण्याचा धोका असतो. रोमन अक्षरांतील नावे असतील तर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक एस-थ्री मानते आणि वनड्राइव्ह मानत नाही. वनड्राइव्हमध्ये संपूर्ण मार्गाची लांबी 400 वर्णांपर्यंतच चालते, आणि नावात प्रश्नचिन्ह, तारका, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ यांसारखी चिन्हे चालत नाहीत.

देवनागरी नावांच्या फायली असतील तर दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते, आणि त्या इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘अपुऱ्या’, ‘नोकऱ्या’ अशा शब्दांतील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते. एक प्रकार म्हणजे एकच स्वतंत्र वर्ण आणि दुसरा म्हणजे ‘र’ व त्याखालचा नुक्ता असे दोन वर्ण. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी असू शकतात. त्यामुळे एका यंत्रणेतून दुसरीत गेल्यावर एकच फाइल दोनदा दिसते, किंवा पडताळणीत ‘फाइल सापडली नाही’ असा निकाल येतो. स्प्रेडशीटमधील सर्व नावे आधी एकाच युनिकोड रूपात आणून घ्यावीत. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी तयार सोय आहे. दुसरी गोष्ट लांबीची आहे. एस-थ्रीमध्ये नावाची मर्यादा 1,024 बाइटची आहे आणि देवनागरीतील प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, म्हणजे मार्गासह सुमारे 341 वर्णच मावतात. यात काना, मात्रा, वेलांटी हेही स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात. वर्णनात्मक मराठी नावे आणि खोलवर गेलेले फोल्डर असतील, तर ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

परवानग्या आणि माणसे

फायली सुरक्षित पोहोचल्या तरी त्या चुकीच्या माणसांना दिसू लागल्या, तर काम फसलेच म्हणायचे. गूगल ड्राइव्हमध्ये शेअर केलेल्या फोल्डरात फाइल टाकली की त्या फोल्डरच्या परवानग्या तिला लागू होतात. वेतनाच्या किंवा आजारपणाच्या नोंदी असलेली एखादी फाइल मोठ्या गठ्ठ्याबरोबर अशा फोल्डरात गेली, तर ती कोणी पाहिली हे नंतर शोधत बसावे लागते. ‘माय ड्राइव्ह’मधून ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये नेलेल्या फायलींची मालकी व्यक्तीकडून संस्थेकडे जाते, ही गोष्ट फाइल हलवणाऱ्याला आणि मूळ मालकाला दोघांनाही आधी ठाऊक असली पाहिजे. ड्रॉपबॉक्समध्ये शेअर केलेल्या फोल्डरातून फाइल बाहेर काढली तर ती इतर सदस्यांच्या फोल्डरातूनही नाहीशी होते. म्हणून नव्या फोल्डरच्या परवानग्या तो रिकामा असतानाच ठरवून तपासाव्यात, आणि संवेदनशील फायली वेगळ्या गठ्ठ्यात ठेवून शेवटी हलवाव्यात.

जे लोक या फायलींवर काम करतात त्यांना दिवस आणि वेळ सांगून ठेवावी, आणि त्या काळात जुन्या फोल्डरात कोणी नवे काही टाकणार नाही अशी व्यवस्था करावी. त्यांना फक्त वाचण्याची परवानगी ठेवणे हा त्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. माणसांइतकेच यंत्रांकडेही पाहावे. बॅकअपचे ठरलेले काम, रोज रात्री चालणारी एखादी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम), जुना मार्ग लिहिलेले संकेतस्थळ किंवा त्या फोल्डरात आपोआप फायली जमा करणारा फॉर्म यांपैकी काहीही असेल तर त्याची नोंद यादीत हवी. ड्राइव्हमधील लिंक फाइलच्या ओळखीवर आधारलेली असल्याने टिकते, पण एस-थ्रीतील पत्त्यात वस्तूचे नावच असते, त्यामुळे तिथले जुने पत्ते हलवल्यानंतर निकामी होतात.

कोणत्या साधनाने हलवावे

काही शे फायलींपर्यंत ब्राउझर पुरेसा आहे. मात्र पडद्यावरची यादी खाली सरकवू तशी भरत जाते, आणि ‘सर्व निवडा’ म्हटल्यावर बहुधा तोवर दिसू लागलेल्या फायलीच निवडल्या जातात, ही मर्यादा विसरू नये. निवडलेल्यांची संख्या यादीतल्या संख्येशी जुळते का, ते पाहूनच पुढे जावे, आणि काम चालू असताना तो टॅब बंद करू नये.

संगणकावरील सिंकच्या (क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या) फोल्डरातून फायली हलवणे सोपे वाटते, पण मोठ्या संख्येसाठी मी त्याची शिफारस करत नाही. एकाच सिंक-फोल्डरच्या आत हलवलेली फाइल बहुतेक वेळा ‘हलवली’ म्हणूनच ओळखली जाते. मात्र वेगळ्या खात्याच्या किंवा वेगळ्या ड्राइव्हच्या फोल्डरात टाकली की ती आधी उतरवून घेतली जाते, मग पुन्हा चढवली जाते आणि मूळ जागी पुसली जाते. फक्त ऑनलाइन ठेवलेल्या फायली असतील तर संगणकाची डिस्क भरून जाऊ शकते. मायक्रोसॉफ्टचीच सूचना आहे की वनड्राइव्हमध्ये सिंक होणाऱ्या फायलींची संख्या 3,00,000 च्या आत ठेवावी.

हजारांच्या पुढे गेल्यावर आरक्लोनसारखे कमांडवर चालणारे साधन घ्यावे. एकाच खात्याच्या आत ते शक्य असेल तेव्हा सेवेच्या सर्व्हरवरच फाइल हलवते, म्हणजे तुमची इंटरनेट जोडणी खर्च होत नाही. दोन वेगळ्या सेवांमध्ये मात्र सगळा डेटा तुमच्या यंत्रातून जातो, आणि बाहेर पडणाऱ्या डेटाचे शुल्क लावणाऱ्या सेवांमध्ये त्याचे बिलही येते. यात ‘कॉपी’, ‘मूव्ह’ आणि ‘सिंक’ या तीन कमांड आहेत. ‘सिंक’ ही नव्या जागेला जुन्या जागेसारखे हुबेहूब बनवते, त्यासाठी नव्या जागेवरच्या जास्तीच्या फायली पुसून टाकते, आणि फायली हलवण्यासाठी ती मुळीच वापरू नये. ‘मूव्ह’ प्रत्येक फाइल पोहोचली की मूळ फाइल लगेच काढते. एकाच ड्राइव्ह खात्याच्या आत ती ठीक आहे, कारण तिथे खरोखरच फक्त नोंद बदलते. खाते किंवा सेवा बदलत असेल तर ‘कॉपी’च वापरावी आणि पुसण्याचे काम पडताळणीनंतर वेगळे करावे.

गूगल डॉक्स आणि शीट्स यांची बाब वेगळी आहे. या फायली साध्या अर्थाने फायली नसतात आणि दुसऱ्या सेवेत नेताना त्यांचे रूपांतर वर्ड किंवा एक्सेलच्या स्वरूपात होते. ड्राइव्हच्या आतही त्यांची प्रत काढली तर जुना बदलांचा इतिहास प्रतीबरोबर जात नाही आणि लिंक नवी होते. त्यामुळे ड्राइव्हच्या आत अशा फायली नेहमी हलवाव्यात, त्यांची प्रत काढू नये.

गूगल ॲप्स स्क्रिप्टने स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की एका वेळी ती सहा मिनिटांपर्यंतच चालते. त्यामुळे कुठपर्यंत काम झाले हे नोंदवून ठेवून पुढच्या वेळी तिथूनच सुरू होईल अशी तिची रचना हवी. एस-थ्रीमध्ये बॅच ऑपरेशन्स ही सोय तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणे प्रती बनवते आणि शेवटी प्रत्येक वस्तूचा अहवाल देते. ती मूळ वस्तू पुसत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे.

प्रत्यक्ष हलवणे

सुरुवात नेहमी कोरड्या फेरीने करावी. आरक्लोनमध्ये ‘ड्राय-रन’ हा पर्याय आहे, ॲमेझॉनच्या कमांडमध्येही तसाच आहे, आणि त्यात काहीही न बदलता काय काय घडणार आहे याची यादी मिळते. ती यादी नुसती नजरेखालून न घालता आपल्या स्प्रेडशीटशी जुळवून पाहावी. मार्ग लिहिताना फोल्डरचे एखादे नाव कमी-जास्त झाले तर फायली चुकीच्या पातळीवर जाऊन बसतात, आणि ही चूक कोरड्या फेरीतच दिसते.

त्यानंतर एक लहान पण वैविध्यपूर्ण गठ्ठा खरोखर हलवावा. त्यात सर्वांत मोठी फाइल, सर्वांत लांब नावाची फाइल, देवनागरी नावाची फाइल, शून्य आकाराची फाइल, एखादा शॉर्टकट आणि एक रिकामा फोल्डर असावा. हा गठ्ठा नीट पोहोचला की बाकीचे काम फोल्डरनिहाय किंवा वर्षनिहाय गठ्ठे करून चालवावे आणि प्रत्येक गठ्ठ्याची स्वतंत्र लॉग-फाइल (काय घडले याची नोंद) ठेवावी. एका गठ्ठ्यात गडबड झाली तर तेवढ्याचीच चौकशी करावी लागते.

काम वेगाने व्हावे म्हणून एकाच वेळी शेकडो फायली पाठवण्याचा मोह होतो. प्रत्येक सेवेला विनंत्यांची मर्यादा असते आणि ती ओलांडली की 429 किंवा 503 अशा क्रमांकाच्या त्रुटी येऊ लागतात. एस-थ्रीमध्ये एका नाव-उपसर्गासाठी, म्हणजे नावाच्या सुरुवातीच्या सामाईक भागासाठी, सेकंदाला किमान 3,500 लेखन-विनंत्या चालतात, पण ड्राइव्ह इतकी उदार नाही, आणि तिथे एका वापरकर्त्याला दिवसाला 750 जीबीपर्यंतच नवा डेटा चढवता किंवा प्रतीत घेता येतो. त्रुटी आली की थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करावा. आरक्लोन हे स्वतःहून करते. आरक्लोन मुळात एका वेळी चार फायली पाठवते आणि बहुतेक वेळा तेवढेच योग्य असते. काम मध्येच तुटले तर तीच कमांड पुन्हा चालवावी. जे पोहोचले ते ती ओळखते आणि उरलेलेच घेते.

पडताळणी आणि मग पुसणे

फायलींची संख्या जुळली म्हणजे काम झाले असे समजू नये. एक फाइल दुसरीवर लिहिली गेली आणि एक शॉर्टकट जास्तीचा आला, तरी बेरीज बरोबर येते. संख्या, एकूण आकार आणि प्रत्येक फाइलचा हॅश या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. हॅशच्या बाबतीत अडचण अशी की प्रत्येक सेवेची पद्धत निराळी आहे. ड्राइव्ह एमडी-फाइव्ह या पद्धतीचा हॅश देते, ड्रॉपबॉक्स फाइलचे चार एमबीचे तुकडे करून स्वतःच्या पद्धतीने हॅश काढते, आणि एस-थ्रीवर तुकड्यांत चढवलेल्या वस्तूचा ई-टॅग (एस-थ्रीने तिला दिलेली खूण) हा संपूर्ण फाइलचा एमडी-फाइव्ह नसतो. दोन सेवांमध्ये सामाईक हॅश नसेल तर आरक्लोनच्या ‘चेक’ कमांडला डेटा उतरवून प्रत्यक्ष तुलना करण्यास सांगता येते. वेळ लागतो, पण परत न मिळणाऱ्या फायलींसाठी तो द्यावाच. गूगल डॉक्सला जुळवून पाहण्यासाठी हॅश नसल्याने त्यांतल्या काही उघडून पाहाव्यात.

सर्व जुळल्यावरही जुनी जागा लगेच रिकामी करू नये. तिच्या नावात ‘जुने – वापरू नये’ असे जोडावे आणि लोकांचे नेहमीचे कामाचे चक्र एकदा पूर्ण होऊ द्यावे. महिनाअखेरचा अहवाल काढणारी एखादी स्क्रिप्ट त्याआधी बोलत नाही. मग पुसावे. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, वैयक्तिक वनड्राइव्हमध्येही 30 दिवस, आणि संस्थेच्या वनड्राइव्हमध्ये 93 दिवस. तेवढी मुदत हाच शेवटचा आधार असल्यामुळे ट्रॅश हाताने रिकामा करू नये. एस-थ्रीमध्ये जुन्या उपसर्गावर मुदत संपल्यावर पुसण्याचा नियम लावला तर पुसण्याच्या विनंत्या स्वतः पाठवाव्या लागत नाहीत. आवृत्त्या जपण्याची सोय चालू असेल तर जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळा नियम लिहावा, आणि फोल्डर म्हणून बनवलेल्या शून्य आकाराच्या वस्तू मागे राहिल्या आहेत का तेही पाहावे.

जुन्या-नव्या मार्गांचे स्प्रेडशीट आणि सर्व लॉग-फायली नव्या फोल्डरच्या मुळाशीच ठेवाव्यात, म्हणजे पुढे कोणी जुना मार्ग घेऊन आले तर त्याला फाइल कुठे गेली ते तिथेच सापडेल.